बेसिनच्या काठावरची बाटली

आईच्या इन्सुलिनच्या बाटलीने चौदा तासांचा प्रवास सुखरूप केला. दोन गाड्या बदलल्या, पिशवी तीन वेळा आपटली, एकदा तर कुणाची तरी अवजड बॅग वरून तिच्यावर कोसळली. बाटली लोकरी मोज्यात होती, मोजा टॉवेलात, टॉवेल पिशवीच्या पोटात. साधा ओरखडाही उठला नाही. मुक्कामाच्या खोलीवर पोचल्यावर आईने ती मोज्यातून काढली, हात धुतले, बाटली बेसिनच्या काठावर ठेवली आणि सिरिंज घ्यायला वळली. कोपर लागलं.

फुटलेल्या इन्सुलिनला एक वास असतो. जुन्या दवाखान्याच्या फरशीसारखा, औषधी, नाकात बसणारा. खरं तर तो इन्सुलिनचा नसतोच. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल घातलेलं असतं, त्याचा तो वास. पण ज्यांच्या घरात ही बाटली राहते, त्यांच्यासाठी तोच इन्सुलिनचा वास. मी धावत आत गेले तेव्हा आई वाकून काचा वेचत होती.

"अगं, अनवाणी येऊ नकोस," ती म्हणाली. आणि मग, "प्रवासात टिकली आणि इथे फुटली बघ."

जादाची बाटली माझ्या पिशवीत होती म्हणून निभावलं. (दोन बाटल्या कधी एका पिशवीत ठेवू नयेत, एवढं शहाणपण आमच्या घरात आधीपासून होतं.) आईचं ते वाक्य मात्र मी ऐकूनही ऐकलं नाही. ते कळायला पुढे मी तीन महिने आणि प्लास्टिकची दोन रिळं खर्च केली.

माझं काम यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करण्याचं. घरी एक छोटा थ्रीडी प्रिंटर आहे, त्यावर आजवर अडकवायचे आकडे, कुंड्यांचे पाय आणि न चालणाऱ्या पुष्कळ गोष्टी निघाल्या आहेत. तेव्हा परत आल्यावर मी काय करणार हे ठरल्यासारखंच होतं. बाटलीसाठी डबी. मजबूत. कुणी पाय दिला तरी दबणार नाही अशी.

पहिली डबी खरंच तशी झाली. चार मिलिमीटर जाडीच्या भिंती, फिरकीचं झाकण, आत बाटलीच्या मापाचा नेमका गोल खळगा. बाटली त्यात अशी बसायची की झाकण लावताना हवा फुस्सकन बाहेर यायची. मला त्या आवाजाचाच अभिमान वाटला होता. आईच्या रिकाम्या झालेल्या बाटल्या मी साठवून ठेवल्या होत्या. एकीत सिरिंजने पाणी भरलं, डबीत घातली, झाकण लावलं आणि बेसिनच्या उंचीवरून फरशीवर सोडली.

डबी शाबूत. आत पाण्याचा आवाज आणि काचांचा खुळखुळा.

इथे थोडं गणित करावंच लागतं. बेसिनचा काठ जमिनीपासून साधारण ८५ सेंटिमीटर. तिथून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला चार मीटरच्या आसपास असतो. पडायला लागणारा वेळ सेकंदाच्या चार दशांशांहून किंचित जास्त, म्हणजे "अरे" म्हणेपर्यंत कारभार आटोपलेला. पण काच वेगाने फुटत नाही, थांबण्याने फुटते. जितक्या कमी अंतरात थांबावं लागेल तितका दणका मोठा. हिशेब अगदी सोपा आहे: पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागायचं. जो आकडा येईल, वस्तूच्या वजनाच्या तितक्या पट सरासरी जोर तिच्यावर येतो. भरलेली दहा मिलिलिटरची बाटली वीसेक ग्रॅमची. ती अर्ध्या मिलिमीटरात थांबली असं धरलं, तर ८५० भागिले अर्धा, म्हणजे १७०० पट. वीस ग्रॅमच्या चिमुकल्या बाटलीवर क्षणभर चौतीस किलोंचा भार. तीच बाटली दहा मिलिमीटरांत थांबली तर भार होतो पावणेदोन किलोंच्या आत.

माझी डबी इतकी घट्ट होती की बाटलीला थांबायला जागाच नव्हती. फरशीचा दणका मी चार मिलिमीटर प्लास्टिकमधून जसाच्या तसा काचेपर्यंत पोचवला होता. मोज्याला हे कळलं होतं, मला नव्हतं.

दुसऱ्या डबीत मी फोम घातला. फोमच्या बाबतीत नवशिके दोन्हीकडून चुकतात आणि मी दोन्हीकडून चुकले. आधी मऊ घेतला, गादीच्या आतला असतो तसा. तो हाताला छान लागतो, पण बाटली पडली की बिचारा पूर्ण चपटा होतो आणि शेवटच्या क्षणी बाटली तळावर आपटतेच. मग कडक घेतला, तर तो दबायलाच तयार नाही, जवळजवळ लाकूड. मधला कुठला हे शोधायला आठवडा गेला. शिवाय फोमची पूर्ण जाडी कधीच कामाला येत नाही. वीस मिलिमीटर फोमातले दहा-बारा मिलिमीटरच खरे, बाकीचा दाबून घट्ट झालेला गाळ. म्हणजे बाटलीच्या चहूबाजूंनी वीस मिलिमीटर फोम ठेवायचा तर चोवीस मिलिमीटर व्यासाच्या बाटलीसाठी डबी होते चौसष्ट मिलिमीटरांची, वर भिंती वेगळ्या. बोटाएवढ्या बाटलीला पाण्याच्या तांब्याएवढं घर.

चाचण्या घेताना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तीच एक बाटली मी पुन्हा पुन्हा टाकत होते. एका उंचीवरून ती आठ वेळा वाचली आणि नवव्यांदा, त्याहून कमी उंचीवरून, सरळ दोन तुकडे. मला वाटलं फोम थकला. फोम ठीक होता, बाटली थकली होती. ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्लिश अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात याचं कारण मांडलं होतं. काच मुळात फार बळकट असते, पण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात आणि ताण आला की तो सगळा त्या भेगांच्या टोकाशी एकवटतो. ग्रिफिथने काचेचे बारीक धागे ओढून तोडून पाहिले, तर धागा जितका बारीक तितकी काच जास्त बळकट निघाली. बाटलीला गेलेला प्रत्येक ओरखडा, किल्ल्यांशी झालेली प्रत्येक घसट, दुसऱ्या बाटलीला लागलेली प्रत्येक टिचकी तिच्या खाती जमा होत असते. काच काही विसरत नाही. म्हणून एका डबीत दोन बाटल्या असल्या तर मधे भिंत हवीच. काचेवर काच घासणं सगळ्यात वाईट. आणि म्हणूनच मी नंतर प्रत्येक चाचणीला नवी बाटली घ्यायला लागले. आईच्या रिकाम्या बाटल्यांचा साठा मात्र महिन्याला दोन-अडीचच्या वेगानेच वाढायचा, त्यामुळे माझं संशोधन तिच्या साखरेच्या तालावर चालत होतं.

एकदा तुकडे वेचताना आईने विचारलं, "पण हे लोक प्लास्टिकची का नाही करत गं बाटली?"

प्रश्न रास्त होता. उत्तर असं की औषध आणि भांडं यांनी एकमेकांशी बोलू नये अशी अपेक्षा असते, आणि काच त्या बाबतीत फार अबोल. तिच्यातून हवा आत शिरत नाही, तिच्यातलं काही सहसा औषधात उतरत नाही. साध्या काचेचं मात्र तसं नाही बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत येना इथे ऑटो शॉट यांनी बोरॉन घातलेली काच तयार केली, तिला बोरोसिलिकेट म्हणतात. ती गरम-थंड झाल्यावर खिडकीच्या काचेपेक्षा खूपच कमी फुगते-आकसते, आणि औषधात सोड्यासारखे क्षार फारसे सोडत नाही. इंजेक्शनच्या औषधांसाठी पहिल्या दर्जाची काच म्हणतात ती हीच. तापमानाच्या धक्क्याला ती खंबीर असते, फरशीच्या धक्क्याला मात्र इतर काचेसारखीच.

"म्हणजे औषधाची काळजी घेते, स्वतःची नाही," आई म्हणाली आणि केरसुणी घेऊन पुढे गेली.

मग थंडाव्याचं प्रकरण. त्यात मी नको इतकी अडकले. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातला दोनचा आकडा मात्र लोक आठाइतका मनावर घेत नाहीत. उष्णतेने इन्सुलिन हळूहळू बिघडतं, गोठल्यावर एका झटक्यात. आई घेते ते दुधाळ इन्सुलिन गोठून वितळलं की त्यात गुठळ्या होतात, काचेला आतून दहिवर पडल्यासारखं दिसतं, आणि ती बाटली टाकूनच द्यायची असते. मी डबीत जेलचं पाकीट ठेवायला कप्पा केला, पाकीट फ्रीझरमधून काढलं, पाण्याने भरलेल्या बाटलीच्या बुचातून थर्मामीटरची तार आत सोडली आणि पाहत बसले. फ्रीझर उणे अठरा अंशांचा, त्यामुळे पाकीटही तितकंच गार. काटा दोनच्या खाली गेला, शून्याच्या खाली गेला, आणि काही वेळाने बाटलीतल्या पाण्याला बर्फाची पापुद्री आली. उष्णतेपासून वाचवण्यासाठी केलेल्या डबीत मी औषध गोठवून दाखवलं.

लस घेऊन पायपीट करणाऱ्या आरोग्यसेवकांना हे कधीपासून माहीत आहे. काही लसीही गोठल्या की वाया जातात. म्हणून लसीच्या पेटीत ठेवायची बर्फाची पाकिटं ते फ्रीझरमधून काढल्याबरोबर आत घालत नाहीत. बाहेर ठेवून घाम येऊ देतात, मग उचलून कानाशी हलवतात. आत पाणी खळखळलं की पाकीट तयार. बर्फ आणि पाणी एकत्र नांदत असले की तापमान शून्यावर थबकतं, त्याखाली जात नाही. ना थर्मामीटर, ना यंत्र, नुसता कान. हे कळल्यावर मी पाकीट खळखळेपर्यंत बाहेर ठेवलं आणि ते आणि बाटली यांच्यामध्ये फोमची पट्टी घातली. काटा चारच्या आसपास राहिला.

इतकं सगळं झाल्यावर मी बाटलीबरोबर आलेलं पत्रक, ती बारीक अक्षरांची अनेक घड्यांची चिठ्ठी, पहिल्यांदा नीट वाचली. आधी वाचायला हवी होती, मान्य. वापरायला काढलेल्या बाटलीला थंडाव्याची गरजच नव्हती. पुष्कळशी इन्सुलिनं वापरात आल्यावर पंचवीस-तीस अंशांच्या खाली साधारण २८ दिवस चांगली राहतात. नेमके दिवस आणि नेमके अंश प्रत्येकाचे वेगळे, ते आपापल्या पत्रकात पाहायचे. थंड ठेवायची ती शिलकीची बाटली. म्हणजे मी दोन वेगळ्या बाटल्यांचे प्रश्न एकाच डबीत कोंबले होते. शिलकीच्या बाटलीसाठी रुंद तोंडाचा निर्वात फ्लास्क घेतला, त्यात पाकीट, पट्टी, बाटली. तो विषय तिथे संपला. मी काही डिझाइन करावं असं त्यात उरलंच नव्हतं, याचं थोडं वाईट वाटलं.

डबी मात्र तयार झाली. झाकण एका हाताने उघडत होतं, कारण साखर उतरलेली असताना हात थरथरतात. अर्थात साखर उतरलेली असताना इन्सुलिन घ्यायचं नसतं, गोड खायचं असतं. हे माझ्या लक्षात आणून द्यायला आईच लागली. चुंबकाची कडी मी काढून टाकली, कारण आवाज छान आला तरी किल्ल्या येऊन चिकटत होत्या. पहिलं प्रिंट केलेलं प्लास्टिक साठेक अंशांनाच मऊ पडतं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत एकदा झाकण राजगिऱ्याच्या पानासारखं मुडपलं, तेव्हा उष्णतेला जरा जास्त दम धरणारं दुसरं प्लास्टिक घेतलं. कुठल्याही बाजूने सव्वा मीटरवरून टाकली तरी बाटली सुखरूप. मी ती आईच्या हातात दिली.

आई पुढच्या प्रवासाला डबी घेऊन गेली. मला बरं वाटावं म्हणून, असं आता वाटतं. परत आल्यावर मी विचारलं, कशी वाटली?

"चांगली आहे की."

"म्हणजे वापरलीस ना?"

"वापरली. जाताना वापरली, येताना वापरली. तिथे काय करायची? तिथे बाटली बाहेरच होती."

मी गप्प झाले. मग म्हटलं, "आई, एकदा मला इंजेक्शन घेऊन दाखव."

इतकी वर्षं मी ते रोज पाहत आले होते. त्या दिवशी ड्रॉइंग करणारीच्या डोळ्यांनी पाहिलं. आईने हात धुतले. हात पुरते पुसले नाहीत. बाटली तळव्यांमध्ये घेऊन सावकाश घोळली, दहा वेळा, कारण दुधाळ इन्सुलिन खाली बसतं आणि ते खळखळून हलवायचं नसतं. बाटली उजेडासमोर धरून गुठळ्या नाहीत ना हे पाहिलं. ती खाली ठेवली. रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. बोळा ठेवायला जागा शोधली. सिरिंजमध्ये डोसाइतकी हवा ओढली, ती बाटलीत सोडली, बाटली उलटी केली, औषध ओढलं, सिरिंजला टिचकी मारून बुडबुडा वर पाठवला, बाटली पुन्हा खाली ठेवली. ओल्या हातांनी, एका वेळी दोन-तीन वस्तू सांभाळत, दिवसातून दोनदा. मी मोजलं. एका डोसामागे बाटली दोनदा खाली ठेवली जाते, तीनदा उचलली जाते आणि एकदा हवेत उलटी होते. प्रवासात ती पिशवीच्या पोटात निवांत झोपलेली असते.

माझी तीन महिन्यांची डबी बरोबर तेवढ्या वेळापुरती बाजूला ठेवलेली असायची, जेवढ्या वेळात बाटली फुटते. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काचा वेचता वेचता.

मग डबी टाकली आणि अंगरखा शिवायला घेतला. म्हणजे असं काहीतरी, जे बाटली नवी उघडल्यापासून संपेपर्यंत अंगावरून उतरणारच नाही. सिलिकॉन रबराचं. साचा प्रिंटरवर काढायचा, दोन द्रव मिसळून त्यात ओतायचे, रात्रभर ठेवायचं. सकाळी साचा उघडताना दिवाळीअंकाची कोरी प्रत हातात आल्यासारखा आनंद होतो हे खरं, पण पहिल्या चार वेळा आत बुडबुडेच निघाले.

या छोट्याशा वस्तूत मागण्यांची मात्र गर्दी होती. औषध दिसायला हवं, म्हणून दोन समोरासमोरच्या उभ्या खिडक्या. एकीतून उजेड आत आणि दुसरीतून नजर. पण उन्हापासून जपायचं, म्हणून त्या अरुंद. लेबलावरची मुदत आणि बॅच वाचता यायला हवी. तळव्यांत घोळता यायला हवी, म्हणून बाहेरून गोल. ओल्या हातातून निसटू नये, म्हणून बारीक खाचा. तळाला जाडी जास्त, कारण बाटली बहुधा तळावर किंवा डोक्यावर पडते. डोक्याचाच प्रश्न खरा अवघड होता. बूच उघडं हवं, तरी बाटली उलटी पडली तर धातूची टोपी फरशीला आधी लागता कामा नये. म्हणून रबराची कड टोपीच्या चार मिलिमीटर वर नेली. सुई सहज पोचत होती. आईने बोळा घेतला आणि म्हणाली, "पुसू कशी? कोपऱ्यात बोट जात नाही." कड कापून तिचे तीन सुटे कान केले. मधल्या फटींतून बोळा आरपार फिरतो, आणि पडताना कान आधी टेकतात.

तीन मिलिमीटर रबर म्हणजे फोमाचं सुख नाही. थांबायला अंतर थोडंच मिळतं. पण रबर दणका पसरवतं, ओरखडे लागूच देत नाही, आणि बेसिनच्या उंचीवरून चाचणीच्या अकरा नव्या बाटल्यांपैकी दहा वाचल्या. अकरावी का फुटली हे मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं करून झाल्यावर एका रात्री माझ्या ध्यानात आलं की यात नवीन काहीच नाही. १९८५ साली डेन्मार्कमधल्या नोवो कंपनीने इन्सुलिनचं पहिलं पेन बाजारात आणलं. पेनाच्या पोटात काचेचीच नळी असते. पण ती रोज हातात घ्यावी लागत नाही, डोस तिला बाहेर न काढताच घेता येतो. पेनात सोय आहे, अचूकपणा आहे, ते सगळं खरं. पण काचेच्या बाजूने पाहिलं तर पेन ही एक डबीच आहे, वापरतानाही न उघडावी लागणारी. मी आईला हे सांगितलं. पेनाबद्दल डॉक्टरांशी बोलू या असंही म्हटलं. ती म्हणाली, बोलू या की. आणि बाटली तळव्यांत घोळायला लागली.

गेल्या महिन्यात ती पुन्हा प्रवासाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"पडली गं आज."

"फुटली?"

"छे. टुणकन उसळली आणि बेसिनखालून थेट कपाटाखाली गेली. चांगली लांब घरंगळत गेली. खोलीत एक काठी नाही. पट्टीने काढली शेवटी, अर्धा तास पालथी पडून."

मी ड्रॉइंग उघडलं आहे. तळाचे दहा मिलिमीटर षटकोनी करून पाहते, वरचं अंग घोळण्यासाठी गोलच ठेवून. कोपरे फार टोकदार झाले तर तिच्या तळहाताला टोचतील, म्हणून त्यांना दोन मिलिमीटरची गोलाई दिली आहे. आई म्हणते तीन दे.